जानराव डायव्हराने डाव्या प्रांतीचे गळू सर केल्याची हकीकत

कामरगाव मुक्कामी विहारामागील गल्लीत राहणारे, काळ्यापिवळ्या जीपचे खावंद, धनज मार्गाचे सरताज, राजमान्य राजेश्री जानराव यांजवर गळूने चाल केली, आणि त्या धामधुमीत काय काय प्रसंग गुजरले, ते तपशीलवार लिहून ठेवणे प्राप्त जाहले. लढाया पुष्कळांनी लिहिल्या. परंतु ज्या लढाईचे मैदान चारचौघांत सांगता येत नाही तिची याद कोणी ठेवीत नाही, आणि मग पुढच्या माणसास वाटते की ऐसे संकट आपणा एकट्यावरच आले. म्हणोन हे लेखन.

वर्तमान ऐसे. या मुलखी जीपच्या पुढल्या आसनावर डायव्हर धरून पाच असामी बसविण्याचा रिवाज आहे. असामी बसता बसता डायव्हर दाराकडे सरकतो, आणि मग उजवे अंग बाहेर हवेत, डावे तेवढे गादीच्या काठावर, ऐशा बैठकीने तो गाडी हाकतो. जानरावांनी अर्धी हयात याच बैठकीने मुलूख तुडविला. सारा भार डाव्या कुल्ल्यावर, त्यात उन्हाळा, त्यात रेक्झिनची गादी. मग घामाने आणि घासण्याने त्या प्रांती एक केसतोड उगवला. आरंभी मुगाएवढा होता, तेव्हा जानरावांनी त्यास खिजगणतीत धरले नाही. मग तो बोराएवढा जाहला, लालबुंद जाहला, आणि रीतसर ठाणे देऊन बसला.

घरच्या कारभारीण भागिरथाबाई यांनी तत्काळ हुकूम जारी केला की, हात साबणाने धुवावे, ऊन पाण्यात स्वच्छ फडके पिळून वरचेवर शेक द्यावा, वरून कोरडी पट्टी बांधावी, आणि जीप काही रोज दारात उभी करावी; कोणी गळूस बोट लावील तर गाठ आमच्याशी आहे. हुकूम रास्त होता. परंतु लग्नसराईचे दिवस, स्टँडावर वऱ्हाडी मंडळी ताटकळत, आणि जानरावांस आपल्यावाचून हा मार्ग ओस पडेल ऐसा भ्रम. शेक घ्यावा आणि पुन्हा त्याच गादीच्या काठावर बसावे, ऐसा क्रम चालला.

इतक्यात शेजारच्या जीपचे खावंद रामधन मसलतीस आले.

"बिब्बा लाव बे, जानराव. एका चटक्यात फुटते!"

बिब्बा लाविला. गळू जागचे हलले नाही, भोवतालची कातडी मात्र होरपळली. मग रामधनांनी जीपच्या आडोशास दोन्ही अंगठ्यांनी गळू पिळून सुलतानढवा केला, तेव्हा जानरावांची किंकाळी ऐकून स्टँडावरील भजेवाल्याचा झारा कढईत पडला. गनीम बाहेर पडण्याऐवजी आतल्या आत पसरला. लाली मांडीपावेतो उतरली, जांघेत अवधाणाची गाठ आली, आणि अंगात ताप भरला.

आता दवाखाना गाठणे प्राप्त होते, आणि दवाखाना तर गावातच. परंतु तेथील डॉक्टर उज्ज्वलाबाई. त्या गावच्याच, लहानपणी दप्तर घेऊन जानरावांच्या जीपने शाळेस जात, आणि त्यांस काका म्हणत. त्या पोरीपुढे पायजमा उतरवावा? त्यापेक्षा मरण बरे, ऐसा जानरावांनी मनाशी निश्चय केला, आणि मरण खरोखरच एवढ्या जवळ येऊन उभे आहे याची बापड्यास खबर नव्हती. घरी म्हणाले, ऊन लागले. सकाळी थंडी वाजून दात आपटत होते, तरी जीप भरली आणि चाक हाती धरले.

भागिरथाबाईंस सुगावा लागला. त्या स्टँडावर चालून आल्या, जीपपुढे उभ्या राहिल्या, आणि खचाखच भरल्या गाडीस उद्देशून बोलल्या:

"ह्या मानसाच्या ढुंगनावर गळू हाये, अंगात ताप हाये, अन् हा तुमाले धनजले घेऊन चालला! जीप पयले दवाखान्यात जाईन. ज्याले घाई हाये त्यानं उतरून घ्या."

कोणीही उतरले नाही. ऐसा तमाशा सोडून कोण जातो! जानरावांची अब्रू भर बाजारी गेली, ती गेलीच. त्यांस मागल्या आसनावर पालथे निजविले, रामधनांनी खाल मानेने चाक हाती घेतले, आणि अवघी स्वारी दवाखान्यात दाखल जाहली.

तेथे जानरावांनी उशीत तोंड खुपसले आणि पायजम्याची नाडी मुठीत घट्ट धरून ठेविली. उज्ज्वलाबाई हासल्या नाहीत.

"काका, मी दुसरीत होती तवा तुमच्या जीपमंदी ओकली होती. तवा तुमीच पुसलं, घरी सांगतलंबी नाई. आता माही पाळी."

मूठ सुटली. मग बाईंनी ती जागा सुईने बधिर केली, चिरा दिला, पू काढला, आत पट्टी भरली. आणि बोटाचे रक्त तपासले तेव्हा किल्ल्यातली फितुरीही उघडकीस आली. साखर भरमसाट वाढलेली होती. बाईंचा हुकूम जाहला की, गळू पिळू नये, बिब्बा लावू नये, साधे असेल तर शेक द्यावा. परंतु ताप आला, लाली पसरू लागली, अवधाण आले, गळू तोंडावर उठले, आठवड्यात हटले नाही वा फिरून फिरून येऊ लागले, अथवा अंगी साखर असेल, तर त्याच दिवशी येथे यावे. आणखी थोडे थांबता, तर विष रक्तात भिनते, मग आमच्याही हाती काही न उरते, ऐसेही त्या बोलल्या. हे ऐकोन दाराशी उभ्या, भर बाजारी न लाजलेल्या भागिरथाबाईंनी पदरात तोंड लपविले.

जखम भरली, साखरेच्या गोळ्या सुरू जाहल्या, जीप मार्गी लागली. गेलेली अब्रू झाकण्यात हशील नाही, हे ओळखून जानराव आपली फजिती आपणच सांगू लागले, गळू कोठे होते तेही मोकळ्या गळ्याने. जीप हासे.

एके दिवशी तांड्यावरील नानीबाई पुढल्या आसनावर बसल्या होत्या. सारे हासले, त्या हासल्या नाहीत. धनज जवळ आले तेव्हा त्या जानरावांच्या कानाशी लागून हळूच बोलल्या:

"मलेबी गाठ हाये, भाऊ. काखीत. पोरालेबी सांगतली नाई."

जानरावांनी वेग कमी केला, मोकळी जागा पाहिली, आणि भरल्या असाम्यांसह जीप कामरगावच्या दवाखान्याकडे परत वळविली. काहून, म्हणून एकाही असामीने पुसले नाही.

गळू त्यापूर्वीच बरे जाहले होते. परंतु मोहीम फत्ते जाहली ती या रोजी, ऐसे येथे दर्ज केले असे.