सुपडू आबा आणि लोकांच्या भिंती

सुपडू आबा आमच्या शेजारी राहायला आले त्याला तीस वर्षं होऊन गेली, पण आमच्या सोफ्यावर ते एकदाही बसलेले नाहीत. कारण सोफ्याच्या वर माझे सासरे आहेत. म्हणजे सासऱ्यांचा फोटो. सागाची फ्रेम, जाड काच, आणि मागे एकच खिळा. पहिल्यांदा आबा चहाला आले तेव्हा त्यांनी दारातूनच फोटोकडे पाहिलं, चप्पल काढली, कुणाशी रामराम नाही काही नाही, सरळ जाऊन फ्रेमखाली दोन बोटं लावली, केसभर उचलली आणि मान हलवली.

"अक्का, तुमचे सासरे सुतळीवर आहेत."

"पंधरा वर्षं आहेत की हो तिथंच," मी म्हटलं.

"तेच सांगतो मी. पंधरा वर्षांची सुतळी शे ती."

लगेच तार बदलून देतो म्हणाले. पण आमच्या ह्यांना राग आला. हे म्हणाले, "माझा बाप आहे, पडला तर माझ्या डोक्यावर पडेल, तुम्हाला काय त्याचं?" आबांनी वाद घातला नाही. कपबशी उचलली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. आजही येतात तर तिथंच बसतात. हे वारले, सोफ्याचं कापड दोनदा बदललं, सासरे अजून सुतळीवरच आहेत आणि आबा अजून उंबऱ्यावर.

आबांची नोकरीच तशी होती. धुळ्यातल्या एका जुन्या वस्तुसंग्रहालयात ते मांडणीचं काम करायचे. तलवारी, ताम्रपट, राजेरजवाड्यांची तैलचित्रं, कुणाकुणाच्या पगड्या, सगळं भिंतीवर चढवायचं ते आबांनी. त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी असायची. तिच्यात पितळी कड्या, पिळाची तार, ओळंबा, भिंतीत भोक पाडून बसवायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या, आणि तीनचार जातीचे स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत. त्या पेटीला हात लावायची परवानगी घरात कुणालाही नव्हती.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कुठेही एका खिळ्यावरची फ्रेम दिसली की घरमालकाला विचारायचे, "भाऊ, तुले पाय किती?" समोरचा गोंधळून दोन म्हणायचा. "मग फोटोले एक कसाले?" आबांच्या हिशेबी प्रत्येक चित्राला दोन खिळे हवेत, आणि जे टांगायचं त्याच्या तिप्पट वजन त्या खिळ्यांनी आधी एक दिवस पेलून दाखवलं पाहिजे. हे पेलून दाखवायचं काम घरच्या ज्वारीवर यायचं. त्यांची बायको वैजंता माझी मैत्रीण. सकाळी दळणाचा डबा रिकामा घेऊन ती आमच्या दारात उभी राहायची.

"दे वं माय शेरभर पीठ. मन्ही ज्वारी आज भितवर टांगेल शे."

ज्वारीची पिशवी खिळ्याला, खिळा भिंतीत, आबा खाली मांडी घालून पाहत बसलेले. दुसऱ्या दिवशी खिळा पास झाला तर तसलाच खिळा संग्रहालयात जायचा. आणि घरातला उपटून भोक पुन्हा बुजवायचं, हे तर ठरलेलंच.

कुलपाच्या आकड्याची युक्ती त्यांनी स्वतःच्या डोक्यानं काढली होती. फ्रेमच्या मागे खाली एक खाचेची पट्टी, भिंतीत चपट्या डोक्याचा स्क्रू. फ्रेम बसवली आणि आबांची बारकी किल्ली अर्धा फेरा फिरवली की ती वरही उचलत नाही आणि पुढेही येत नाही. किल्ली एकच, ती आबांच्या करदोड्याला. एकदा कुणी मोठे पाहुणे यायचे होते आणि वरच्यांना वाटलं, दालनातलं एक चित्र हलवून तिथं पाहुण्यांच्या स्वागताचा फलक लावावा. आबा त्या दिवशी सोनगीरला भाच्याच्या लग्नात. चौघांनी मिळून ओढलं, चित्र हललं नाही. शेवटी फलक जिन्यात लागला. आबा परत आल्यावर खुलासा मागितला. आबांनी लिहून दिलं: चित्र न निघाल्याबद्दल खेद नाही, ते त्यासाठीच लावले होते. हा कागद वैजंतानं मला वाचायला आणून दिला होता, हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

एरंडोलला आम्ही सगळे मिळून एक स्थळ पाहायला गेलो होतो, वैजंताच्या भाच्यासाठी. पोहे आले, मुलगी आली, आणि आबा उठले. मुलीच्या आजोबांचा मोठा फोटो होता, बरोबर मुलीच्या खुर्चीच्या वर. आबांनी मुलीला म्हटलं, "बाई, तू जरा इकडे सरक." खुर्चीवर चढले, फोटो उतरवला आणि मांडीवर उलटा घेऊन मागची तार तपासू लागले. मुलीच्या बापाचा चेहरा उतरला.

"आबा, तुम्ही मुलगी पाहायला आलात का भिंत?"

"पोरगी चांगलीच शे. तिन्हा डोकावर काय शे ते देखी राह्यनू."

वैजंतानं पदरात तोंड लपवलं. लग्न मात्र जमलं. मुलीची आई नंतर मला हळूच म्हणाली, ज्या घरचा माणूस परक्या पोरीच्या डोक्याची एवढी काळजी करतो त्या घरात द्यायला हरकत नाही.

पण खुद्द आबांच्या घराच्या भिंती मोकळ्या. कॅलेंडरसुद्धा फ्रिजवर आडवं ठेवलेलं, तारीख पाहायची तर उचलून पाहायची. आबांचं म्हणणं असं की ह्या घराची एकही भिंत धड नाही. पश्चिमेची ओल धरते, मधली अर्ध्या विटेची, स्वयंपाकघरातली मिक्सर लावला की थरथरते. संग्रहालयात जे चालतं ते ह्या भिंतींवर चालणार नाही, आणि कामचलाऊ ते करणार नाहीत. वैजंता म्हणायची, "बठ्ठा गावना बाप टांगी उना हाऊ माणूस, नि घरमा एक कॅलेंडर नही." गावभरचे बाप टांगून आला म्हणून टोमणा, तोही हसतच. पण दुपारी मी गेले की ती एकटीच त्या कोऱ्या भिंतींमध्ये वाती वळत बसलेली असायची. मुलगा प्रमोद पुण्याला. आबा निवृत्त झाले तरी घरी टिकले नाहीत. आज चोपड्याच्या शाळेत चित्रांचं प्रदर्शन, उद्या जळगावला कुणाच्या फोटोंचं, बोलावणं आलं की पेटी घेऊन निघाले. "आता तरी बसा की घरी," ती म्हणायची. "हे एवढं लावून येतो," ते म्हणायचे.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात वैजंता गेली. ताप आला, छातीत कफ भरला, तीन दिवस दवाखान्यात. आबा पहिल्या दिवशी जळगावात होते. तिसऱ्या दिवशी तिच्या उशाशी होते, पण तेव्हा ती कुणाशी बोलत नव्हती.

गंधमुक्तीला, म्हणजे तेराव्याच्या कार्याला, फोटो फ्रेम करून आणला. प्रमोदनं निवडलेला, हिरव्या लुगड्यातला, किंचित हसतेय. तो खुर्चीवर ठेवला, हार घातला. कार्य झालं, पाहुणे गेले, प्रमोद पुण्याला गेला. फोटो खुर्चीवरच राहिला.

आबा भिंत शोधत होते. बोटाच्या पेरानं भिंती ठोकून पाहायचे, कान लावायचे, खडूनं खुणा करायचे. महिन्याभरात चारही भिंती फुल्यांनी भरल्या. मी भाकरी घेऊन गेले की एकेक फुली समजावून सांगायचे. इथं ओल. इथं आतून वायर गेलीय. इथं भिंत पक्की, पण दुपारी ऊन थेट येतं, चेहरा उडून जाईल. "चेहरा उडायला नको, अक्का," असं म्हणून पुढच्या भिंतीकडे वळायचे. मला राग यायचा. जन्मभर तिला कॅलेंडर लावून दिलं नाही, आणि आता ती गेल्यावर हा घोळ.

उन्हाळ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, मांडे आणि आमरसाचं पान वाढतात. वर्षाच्या आतली घागर म्हणजे सगळं गोत येतं. प्रमोद आला, बायको आली, वैजंताचे भाऊ चोपड्याहून आले. खुर्च्या कमी पडल्या. धाकटा भाऊ बोलता बोलता मागे न पाहता टेकायला गेला तो थेट फोटोवर. मी ओरडले म्हणून वाचला.

प्रमोदचं डोकं फिरलं. आबा आंघोळीला गेले होते. प्रमोदनं पुण्याहून कसल्या त्या चिकटवायच्या हुकांचं पाकीट आणलं होतं. भिंत पुसली, हूक दाबून चिकटवला, आणि आईला हॉलच्या मधल्या भिंतीवर लावून मोकळा झाला.

आबा बाहेर आले. अंगावर टॉवेल, केसांतून पाणी गळतंय. फोटोकडे पाहिलं.

"कशावर शे?"

"हुकावर."

"खिळा?"

"खिळा नाही आबा. चिकटवलाय. पाच किलो पेलतो, पाकिटावर लिहिलंय."

मला वाटलं आता हा माणूस घर डोक्यावर घेणार. आबा पुढे झाले, दोन बोटं फ्रेमखाली नेली, आणि न लावताच मागे घेतली. प्रमोद त्यांच्याकडेच पाहत होता. "बरं," आबा म्हणाले आणि घागर भरायला बसले.

दुसऱ्या दिवशी प्रमोद गेला. त्या दिवसापासून आबा फोटोखाली बसायला लागले. प्लास्टिकची खुर्ची, भिंतीला लागून, तोंड फोटोकडे वर. जमिनीवर गोधडी चौघडी करून पसरलेली, म्हणजे पडलाच तर काच फुटू नये. चोपड्याच्या शाळेचं बोलावणं आलं, नाही म्हणाले. जळगावहून फोन आला, पाठवा दुसरं कुणी म्हणाले. भाजीला जाणं बंद, पेन्शनच्या कामाला बँकेत जाणं बंद. मी विचारलं, "काढून टाका की तो हूक, तुम्हाला काय अवघड आहे?" तर म्हणाले, "पोऱ्यानं लावलाय. मी काढला तर त्याला वाटेल, बापाला माझं काहीच पटत नाही." मला ते खरं वाटलं.

गल्लीला विषयच मिळाला. पलीकडची कुसुम म्हणाली, "आबा आता फोटोचे वॉचमन झाले." कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला. मी हसले नाही, पण माझाही जीव थकला. दोन वेळचं जेवण तिथं नेऊन द्यायचं, ताट मांडीवर घेऊन हा माणूस एक डोळा भिंतीवर ठेवून जेवणार.

पंधराएक दिवस गेले असतील. सकाळी मी गेले तर आबा दाढीचं सामान घेऊन उभे. "अक्का, दहा मिनिटं बसता का तुम्ही? आंघोळ करून येतो." बसले मी त्यांच्या खुर्चीवर. वैजंता माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, बाई, तुझ्यामुळे मला काय काय करायला लागतंय. मग मनात काय आलं कोण जाणे, उठले, फ्रेम दोन्ही हातांनी धरली आणि चांगली खाली ओढली. जोर लावून. हूक ढिम्म. माझ्या ताकदीनं तरी तो निघणारा नव्हता.

आबा आले तशी मी म्हटलं, "आबा, मी ओढून पाहिलं. घट्ट आहे. सोडा आता हे. भाजी आणायला चला."

"माले माहीत शे, अक्का."

"काय माहीत आहे?"

"घट्ट आहे ते. प्रमोद गेला त्याच रात्री मी ज्वारीची पिशवी लावून पाहिली. फोटो उतरवून. पूर्ण रात्र." ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "चांगली वस्तू काढलीय पुण्यावाल्यांनी."

"मग पंधरा दिवस बसता कशाला?"

आबांनी टॉवेलनं कान पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

"नुसतं बसता येत नाही मला," ते म्हणाले. "काम असलं म्हणजे बसता येतं."

मग खुर्ची थोडी सरळ केली आणि बसले. मी ताट वाढलं, घरी आले. त्या दिवशी माझ्या हातून भाजीत दोनदा मीठ पडलं.

संध्याकाळी प्रमोदचा फोन आला. कुसुमनं त्याला सगळं कळवलं होतं. बिचारा रडवेला झाला होता. म्हणाला, "मावशी, चूक माझीच झाली. मी रविवारी येतो ड्रिल घेऊन, चांगले दोन खिळे ठोकतो, म्हणजे आबा सुटतील एकदाचे."

मी म्हटलं, "ये रे बाबा, जरूर ये. दोन दिवस राहायला ये. ड्रिल नको आणू."

"का?"

"त्या हुकाचं काही सांगता येत नाही. कुणीतरी बसलेलं बरं."

पलीकडून तो म्हणाला, "मावशी, तुम्हीसुद्धा?"

"हो," मी म्हटलं, "मीसुद्धा."