माझ्या नावाचा विषाणू

विमलबाई रोज सकाळी आमच्या नालीतलं पाणी भरून नेतात. हे मी रागाने लिहीत आहे, पण खोटं लिहीत नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात नळ आला की आमच्या गल्लीतल्या बाया घागरी घेऊन नळाकडे पळतात. ह्या सत्तरी ओलांडलेल्या बाई मात्र इस्त्रीची सुती साडी नेसून नालीकडे निघतात. दोरीला बांधलेली काचेची शिशी खाली सोडतात, वर ओढतात, उजेडात धरून पाहतात आणि समाधानाने मान हलवतात.

बाई मोठ्या शास्त्रज्ञ आहेत. इथेच जन्मल्या, शिकायला बाहेर गेल्या, लग्न केलं नाही, आणि सारा जन्म विषाणूंचे आकार शोधण्यात घालवून वडिलांच्या घरी परत आल्या. त्यांचे विषाणू माणसाला धरत नाहीत, रोगाच्या जंतूंना खातात. जिथे घाण तिथेच ते सापडतात म्हणे. मग विषाणू बर्फात गोठवायचा आणि मोठ्या यंत्राखाली त्याचे हजारो फोटो काढायचे. त्यातला एकही धड नसतो. ते सगळे धूसर फोटो एकावर एक बसवले की त्याचं डोकं, मान, पाय दिसायला लागतात. एका विषाणूचे पाय नीट दिसायला सहा वर्षं लागली, हे त्या अभिमानाने सांगतात. तेवढ्या वर्षांत माझी तीन लेकरं चालायला लागली होती.

आमचा भाजीचा धंदा आहे. मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, अंगणात धुवून मी दुकानावर पाठवते. ते पाणी नालीत जातं. बाई दुकानावर आल्या की फुलकोबीचा गड्डा दहा मिनिटं फिरवून फिरवून पाहतात, मागचं गिऱ्हाईक ताटकळत ठेवतात आणि पावशेर सांभार घेऊन जातात. काही विचारलं की एकच उत्तर, "आधी आकार पाह्य. स्वभाव मंग समजते." माझ्या पोरीसाठी मोर्शीहून सांगून आलेल्या मुलाचा फोटो दाखवला, तेव्हाही हेच. मुलगा जाड होता. मला ते झोंबलं.

नालीत फिनाईल टाकायची सोय नाही. एकदा टाकलं तर बाई दारात येऊन म्हणाल्या की तू माझ्या पोटावर पाय दिला. कोणी ताप घेऊन दवा मागायला आलं तर म्हणतात, मी डॉक्टर आहे, पण तुमची नाही. दर मंगळवारी त्या एसटीने अमरावतीला जातात. तिथल्या कॉलेजात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी शिश्या तपासते. शेजारी बसलेल्याने पिशवीत काय आहे विचारलं की बाई खरं सांगतात. मग पूर्ण सीट त्यांची.

आणि माझी लोणच्याची बरणी. बाईंनी ती मागून नेली, नालीचं पाणी भरलं, उकळत्या पाण्याने धुऊन परत आणून दिली. त्यात लोणचं घालायची माझी हिंमत नाही झाली.

हे सगळं मी गिळलं. मी बोलणारी बाई नाही. पण गेल्या सोमवारी नळावर, पंधरा बायांसमोर, बाईंनी हसत सांगितलं की आमच्या नालीत एक नवा विषाणू सापडला आहे, असा आधी कोणी पाहिला नव्हता, आणि त्याचं नाव त्यांनी गोकर्णा ठेवलं आहे. गोकर्णा माझं नाव.

बाया पदरात तोंड घालून हसल्या. समोरच्या घरची म्हणाली, "गोकर्णा, आता तुह्या हातची मेथी खावं का नाई?" दोन दिवस ती खरंच दुसरीकडून मेथी घेऊन आली. घरी नवरा हसला, सासू हसली. मला रात्रंदिवस तेच. माझं नाव आजवर लग्नपत्रिकेत छापलं गेलं, ते एकदाच. आता ते नालीतल्या किड्यावर छापून जगभर जाणार. मला एका शब्दाने विचारलं नाही.

गुरुवारी मी त्यांच्या घरी गेले. नाव शुक्रवारी छापायला पाठवायचं होतं, मग ते कायमचं. बाई कागद डोळ्यांजवळ धरून बसल्या होत्या.

"माह्यं नाव काढा," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

वाटलं, समजावतील. त्यांनी पेन घेतलं आणि नावावर रेघ मारली. मग म्हणाल्या की आजवर सापडलेल्या सगळ्यांना त्यांनी नंबरच दिले. आता डोळे साथ देत नाहीत, हा शेवटचा. ह्याला एक नाव द्यावंसं वाटलं.

"मंग माह्यंच काहून?"

"तुह्या घरचा हाये तो." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मले एक भाऊ झाला होता. नऊ दिवसांचा होता, हगवणीनं गेला. बारसं नाई झालं त्याचं. मोठा झाला असता तर त्याच्या लेकरायचे नावं म्या ठेवले असते. आत्याच ठेवते ना? हा त्याच हगवणीच्या जंतूले खाते."

मी उभीच होते. राग गेला नव्हता. इतकं मोठं शिकलेल्या बाईने साधी रीत पाळू नये याचा आता वेगळाच राग आला. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, आणि नळावर नाव जाहीर.

"कानात सांगतलं होतं का?" मी विचारलं.

"त्याले कान नाईत, गोकर्णा."

"मंग माह्या कानात सांगा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीतून उठल्या, माझ्या खांद्याला धरून वाकल्या आणि माझ्या कानात माझंच नाव हळू सांगितलं. त्यांचा श्वास गरम लागला.

नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत बाया बुक्के घालतात. तिथे दुसरी बाई कोणी नव्हती, म्हणून मीच घातला. जरा जोरातच बसला. रागही होताच.