फोडणीचा श्वास

बायको गेल्यावर फिक्रीभाऊंनी पहिल्यांदाच मुलुखियाच्या पाल्याची पातळ भाजी करायला घेतली. शुब्रा वस्तीतल्या त्या घरात दर शुक्रवारी नवालच्या हातची व्हायची; ती गेल्यापासून उकडलेल्या अंड्यांवर दिवस चालले होते. पाला बारीक चिरून त्यांनी कोंबडीच्या रश्शात सोडला, फोडणी दिली, चव घेतली. त्यापेक्षा काढा बरा.

साऱ्या इमारतीची स्वयंपाकघरं एकाच चिंचोळ्या चौकात उघडायची. भाऊंनी खिडकीतून वर विचारलं, "इन्शिराहबाई, काय चुकलं असेल हो?"

वरच्या मजल्यावरच्या इन्शिराहबाई सल्ला द्यायला टपलेल्याच असत. "लसूण-धण्याची फोडणी ओतताना श्वास आत ओढलात का? नवाल कशी ओढायची, भूत बघितल्यासारखा?"

"ते बायकांचं खूळ."

"मग खा तसलीच."

भाऊंना ते लागलं. त्यांनी पुन्हा लसूण परतला, फोडणी ओतली आणि श्वास असा काही ओढला, की धूर थेट नरड्यात गेला. ठसका लागला, कढलं खणकन फरशीवर पडलं आणि मागोमाग भाऊही.

"मेला गं बाई!" इन्शिराहबाई किंचाळल्या. बघता बघता दरवान अवदल्लाने खांद्याची धडक देऊन दार उखडलं आणि अर्धी इमारत आत घुसली.

भाऊ फरशीवर बसून डोळे पुसत होते. एवढं धावून आल्यावर हात हलवत परत कसं जायचं, म्हणून मंडळींनी सल्ले सुरू केले.

"झाकण ठेवलंत, म्हणून पाला तळाला बसला."

"लसूण तुपात परतायचा, तेलात नाही."

इन्शिराहबाईंनी फोडणी नव्याने केली. सगळे जेवले, भांडले, संध्याकाळ करून गेले. नवाल गेल्यापासून त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी भाऊंनी सगळे सल्ले पाळले. झाकण नाही, तूप घातलं, श्वास बेताचा. चाखली तर थेट नवालची. त्यांनी हौसेने चार ताटल्या मांडल्या आणि खिडकीत जाऊन उभे राहिले.

"वास झकास सुटलाय, भाऊ," वरून आवाज आला. "शिकलात हो. आता तुमची काळजी मिटली." आणि खिडकी लागली.

भाऊ रिकाम्या ताटल्यांसमोर बसले. इतकं एकटं त्यांना अंडी खातानाही वाटलं नव्हतं. शेवटी ते उठले, कढल्यात मूठभर लसूण टाकला, गॅस मोठा केला आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

लसूण काळा पडला. वरची खिडकी उघडली.

"अहो, जळतोय तो. कशाला हात लावू नका, आले मी."

भाऊंनी चांगली मुलुखिया ओट्याखाली सरकवली आणि नवं दार सताड उघडून ठेवलं.