‘पाहिलं’ या रकान्यात निरंक

आवक-जावक विभागाच्या हेडक्लार्कांनी आयुष्यात एकच काम मनापासून केलं होतं. समोर येईल त्या कागदाच्या कोपऱ्यात ‘पाहिले’ लिहायचं, सही ठोकायची, तारीख घालायची. कागद वाचायचाही असतो, अशी एक अफवा त्यांच्या कानावर आली होती. पण अफवांवर विश्वास ठेवणाऱ्यांतले ते नव्हते. असा माणूस रोजनिशी लिहायला बसला आणि तिथंच सगळं बिघडलं.

वही बायकोनं आणून दिली. ती दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर बसायची आणि साडेसातला घरी यायची. तिथं पडलेल्या एका मासिकात तिनं वाचलं होतं, की डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांना दिवसभरात जे जाणवेल ते रोज टिपून ठेवावं. झोपलेलं मन जागं होतं.

“बावीस वर्षांत या घरात काय आहे ते तुम्हाला दिसलेलं नाही,” ती म्हणाली. “महिनाभर लिहा. त्यात मी एकदा जरी सापडले, तरी म्हणेन, माझा नवरा या घरात राहतो.”

“आणि नाही सापडलीस तर?”

“तर मी बहिणीकडं जाते. परत कधी यायचं ते तिथं गेल्यावर बघू.”

ती हसत नव्हती. (बायकोवर हेडक्लार्कांचं प्रेम होतं. फक्त ते जावक नोंदवहीत कधी चढलं नव्हतं.) त्यांनी ताबडतोब पट्टी घेऊन पाच रकाने आखले : पाहिलं, ऐकलं, हुंगलं, चाखलं, स्पर्शलं. सवयीनं सहावा शेऱ्यासाठी.

रोजनिशीच्या पहिल्या दिवशी सहाला ते घरी आले. घरात कोणी दिसलं नाही. मन एकाग्र व्हावं म्हणून डोळे मिटले आणि भिंतीला हात लावत, नाक पुढं करून फिरले. बोळात त्यांना वास आला. दुखऱ्या गुडघ्यांना लावतात त्या मलमाचा. नवराबायकोंपैकी कोणाचेच गुडघे दुखत नव्हते.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या खुर्चीवर हात टेकवला, तर खुर्ची गरम. आत्ताच कोणीतरी उठून गेल्यासारखी. तिसऱ्या दिवशी बोळात काहीतरी मऊ, बारीक असं गालावरून सरकत गेलं आणि डोळे उघडले तेव्हा तिथं काहीच नव्हतं. चौथ्या दिवशी ते फळीवरचा निळ्या काठाचा पेला उचलून पाणी प्यायले. पाण्याला लवंगेची चव होती.

पाचव्या दिवशी मागच्या खोलीच्या बंद दाराआडून आवाज आला. कोणीतरी हळू आवाजात मोजत होतं.

“सत्तावीस... अठ्ठावीस... चुकलं.” मग एक मोठा उसासा. “आता पुन्हा पहिल्यापासून.”

हेडक्लार्कांनी घाईघाईनं ते वहीत उतरवलं. चार रकाने भरले होते. पाहिलं या रकान्यात मात्र पाचही दिवस निरंक.

बायको आल्याबरोबर त्यांनी तिला गाठलं. “मागच्या खोलीत... कोणीतरी आहे.”

“आहेच मग,” ती कणीक मळत म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“मीच तर बोलावलं.”

हेडक्लार्कांनी दाराची चौकट धरली. “जाणार कधी?”

“मन भरलं की जाईल. तुम्हाला काही त्रास देते का?”

“अजून तरी नाही.”

“मग राहू द्या बिचारीला. तिचं आहे कोण आता?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते जीव मुठीत धरून मागच्या खोलीपाशी गेले. खरं तर पळूनच जायचं होतं. पण रकाना रिकामा राहिला असता, आणि बायको बहिणीकडं गेली असती. दार ढकललं. गालावरून पुन्हा तेच मऊ काहीतरी सरकलं. खिडकीत त्यांचाच निळ्या काठाचा पेला होता. तिरप्या उन्हात पेल्यातलं पाणी चमकत होतं आणि त्या पाण्यात बत्तीस दात त्यांच्याकडं पाहून हसत होते.

हेडक्लार्क किंचाळले. कोपऱ्यातूनही कोणीतरी किंचाळलं. नेमकी त्या दिवशी बायको लवकर आली होती. ती धावत आत आली. हेडक्लार्क लोकरीत गुरफटून जमिनीवर पडले होते आणि पलंगावर एक बोळक्या तोंडाची म्हातारी विणायच्या सुया उगारून उभी होती.

“अगं, जावयाला झालंय काय?” म्हातारी ओरडली. “रोज सहाला येतात, डोळे मिटून भिंती हुंगत फिरतात! म्हणून मी चाहूल लागली की लोकर आवरून कडी घालते. आज नेमकी विसरले. लग्नात तर चांगले जिवंत वाटले होते!”

“ही कोण?” हेडक्लार्कांनी विचारलं.

“माझी मावशी! तीन आठवडे झाले तिला येऊन!” (मावशी सहाच्या आतच जेवून खोलीत जायची नि सातला झोपायची, आणि सकाळी हेडक्लार्क वर्तमानपत्राआडून थेट ऑफिसात उगवायचे.)

“मला सांगायचं तरी!”

बायकोनं कपाटातून एक कागद काढला. ‘मावशी राहायला येते आहे. मागची खोली तिला देऊ ना?’ खाली कोपऱ्यात ‘पाहिले’, सही, तारीख.

मग तिनं वही उघडली. मलम, खुर्ची, लोकर, दातांच्या पाण्यातली लवंग, टाक्यांची मोजणी. पानं उलटत ती शेवटापर्यंत गेली, पुन्हा पहिल्या पानावर आली.

“सगळी मावशीच आहे यात,” ती हळूच म्हणाली. “मी कुठंच नाही.”

तिनं वही ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. हेडक्लार्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भुताची भीती काहीच नव्हती, अशी भीती आता वाटली. ते वही घेऊन तिच्यामागं गेले, ओट्याजवळ स्टुलावर बसले आणि बावीस वर्षांत प्रथमच तिच्याकडं नीट पाहत राहिले. कानाजवळचे पांढरे केस. दिवसभर औषधांच्या पट्ट्या कापून करंगळीशेजारच्या बोटाला पडलेला घट्टा. चव बघताना मिटलेला डावा डोळा. पाहिलं हा रकाना भरला, शेऱ्याचा भरला, पान उलटावं लागलं. लिहिताना त्यांचेच डोळे भरून आले.

“हे बघ,” ते वही पुढं करत म्हणाले.

“हं,” ती म्हणाली. आमटी ढवळता ढवळता तिनं एका हातानं पेन घेतलं आणि मान वरही न करता पानाच्या कोपऱ्यात ‘पाहिले’ लिहून, सही करून, तारीख घातली.