कप्तान कोणाच्यातली?

आणखी सुमारे पाचशे वर्षांनी माणूस पृथ्वी सोडून इतर ग्रहांवर राहायला जाईल, तिथे पाणी कमी आणि कायदा त्याहून कमी असेल, आणि सात जणांचा एक भणंग जथा मोडक्या यानातून या ग्रहावरची गुरं त्या ग्रहावर पोचवून पोट भरेल, अशी दिग्दर्शिका भैरवीच्या मालिकेची कल्पना होती. यानाचं नाव 'उनाड'. ते शहराबाहेरच्या मिहानमधल्या एका भाड्याच्या शेडमध्ये भंगाराचे पत्रे आणि जुन्या बसच्या सीटा लावून उभं केलं होतं. परग्रहासाठी फार खटपट करावी लागली नाही. कन्हानकडे खाणीतून उपसून टाकलेल्या मातीचे ढिगारे आहेत. मे महिन्यात तिथे कॅमेरा लावला की परग्रह तयार होतो. घोडी वरातीची होती. वाजंत्रीसारखं काहीही कानावर पडलं की ती नाचू लागे, म्हणून तिच्या आसपास मोबाइल वाजवायला बंदी होती.

यानावरचे सात जण म्हणजे कप्तान राही, नकाशा न वाचणारा चालक, मिस्त्री, वैदू, गोळी झाडण्याआधी माफी मागणारा बंदूकवाला, स्वयंपाकी आणि कायदा शिल्लक असलेला ग्रह शोधत फुकट फिरणारे एक निवृत्त न्यायाधीश. प्रत्येक भागाच्या शेवटी हे सातही जण एका टेबलाभोवती बसून एकाच पातेल्यातलं जेवत. भैरवीच्या मते सगळी मालिका त्या पातेल्यात होती. भैरवीने स्वतःचं आडनाव कॉलेजातच टाकून दिलं होतं आणि ते टाकल्याचं ती भेटेल त्याला आवर्जून सांगत असे.

कप्तान राहीचं काम रोशनीकडे होतं. रोशनी कुही नावाच्या गावची. याआधी तिने बऱ्याच ठिकाणी चाचण्या दिल्या होत्या. सगळीकडे अभिनयाची तारीफ व्हायची, मग पूर्ण नाव विचारलं जायचं आणि मग तिला 'जास्त शोभेल' अशी दुसरी भूमिका निघायची. ही शोभणारी भूमिका म्हणजे एकतर मोलकरीण किंवा गर्दी. भैरवीने मात्र एवढंच विचारलं होतं, "घोड्यावर बसता येतं का?" रोशनीला येत नव्हतं. ती म्हणाली, "येते." मग तिने शिकवणीवर्गातली नोकरी सोडली, वरातीच्या घोडीवरून सपाटून आपटली, पुन्हा बसली आणि शिकली. ही भूमिका हातची गेली तर पुन्हा गर्दीत उभं राहायचं, हे तिला पक्कं माहीत होतं. आम्हाला ही मुलगी आवडते, हे आत्ताच सांगून टाकतो.

मालिका दाखवणार होता मुंबईचा एक ओटीटी मंच. त्याच्या वतीने गौरांग नावाचा अधिकारी आला. प्रदर्शनाआधी निवडक सुजाण नागरिकांना पहिला भाग दाखवून मत घ्यावं, अशी त्याच्या मंचाची पद्धत होती. शंकरनगरातल्या एका सभागृहात खेळ झाला. समोसे संपले आणि मतं सुरू झाली. चित्रीकरण, प्रकाश, संवाद यांवर कोणीच बोललं नाही. पहिल्या रांगेतून पार्वतीबाईंनी हात वर केला. या निवृत्त मुख्याध्यापिका. समतेवर त्यांची व्याख्यानं होतात.

"फारच सुंदर," त्या म्हणाल्या. "शेवटी तर डोळ्यांत पाणीच आलं. फक्त ती कप्तान कोणाच्यातली दाखवली आहे?"

"कोणाच्यातली म्हणजे?" भैरवीने विचारलं.

"नाही, सहज विचारलं."

एकाने सहज विचारलं की बाकीच्यांना धीर येतो. चालक मूळचा कुठला, वैदूचं आजोळ कोणतं, न्यायाधीशांचे वडील कोणत्या खात्यात होते, अशी चौकशी सभागृहभर सहजच पसरली. गौरांगने मंचाला कळवलं की प्रेक्षकांची पात्रांशी नाळ जुळत नाही आणि त्याचं कारण आडनावांचा अभाव.

"अहो, पाचशे वर्षांनंतरची गोष्ट आहे," भैरवी त्याला म्हणाली. "तेव्हा आडनावं नसतील."

"मान्य. पण प्रेक्षक आत्ताचे आहेत ना," गौरांग म्हणाला. "यान उडतं, मंगळावर गुरं चरतात, यातल्या कशालाच कोणाचा आक्षेप नाही. नुसतं 'राही' त्यांना अशक्य वाटतं."

निर्माते मधुसूदनभाऊ व्यवहारी माणूस. लोखंडाच्या धंद्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ते म्हणाले, "देऊन टाक ना वं आडनावं. मेल्यावर माणसाले पिंड द्यायचा तर नाव-गोत्र लागतेच. हे तर अजून जित्ते आहेत."

आडनावं द्यायचं ठरलं. पण ती भैरवीने एकटीने दिली तर पक्षपात झाला असता, म्हणून मंचाच्या सल्ल्याने एक सर्वसमावेशक आडनाव समिती नेमण्यात आली. अध्यक्ष भैय्याजी. लग्नं जुळवण्यात त्यांची हयात गेलेली. समोरच्याला गाव, वडिलांचं काम आणि घरचं दैवत विचारलं की पुढचं ते न विचारता सांगत. पहिल्याच बैठकीत त्यांनी समितीचं धोरण मांडलं.

"आपण जातपात मानत नाही," ते म्हणाले. "म्हणूनच तर विचारा लागते. माहीतच नसलं, तर कोणाची मानायची नाही हे कसं समजंल?"

यावर टाळ्या झाल्या. पार्वतीबाईंनी हे वाक्य पुढच्या व्याख्यानासाठी मागून घेतलं.

समितीने कोणाला कोणती आडनावं दिली ती आम्ही इथे छापत नाही. छापली असती तर तुम्ही पुढचं काहीच वाचलं नसतं. झालं ते एवढंच. वैदूला एक आडनाव दिलं, तर त्या आडनावाच्या मंडळाचं पत्र आलं की आमचा माणूस नुसता वैदू का, कप्तान का नाही? स्वयंपाक्याला दुसरं दिलं, तर आम्ही काय दुसऱ्यांची भांडी चढवायची का, म्हणून त्यांचा मोर्चा निघाला. मग ते बदलून तिसरं दिलं, तेव्हा मोर्चा निघाला नाही. समितीतल्याच दोघांनी बैठकीचा चहा सोडला, आणि पित्त झाल्याचं सांगितलं. बंदूकवाल्यासाठी दोन मंडळं भांडली. एकाचं म्हणणं, हिंसक माणूस आमचा दाखवू नका. दुसऱ्याचं म्हणणं, शस्त्र पिढ्यान्‌पिढ्या आमच्या हातात असताना ते भलत्याला दिलंच कसं?

राहता राहिला मिस्त्री. दुसऱ्या भागात यानाची गटाराची नळी तुंबते आणि तो आत शिरून ती मोकळी करतो, असा प्रसंग होता. त्या मिस्त्रीला आडनाव देताना समितीत पहिल्यांदाच एकमत झालं. चर्चाही झाली नाही. कोणी एकाने एक आडनाव उच्चारलं, बाकीच्यांनी माना हलवल्या, आणि भैय्याजींनी पुढचा विषय पुकारला.

भैरवीने टेबलावर हात आपटला. "का? हेच का?"

"आम्ही कुठं काय म्हटलं?" भैय्याजी खरोखरच गोंधळले. "शोभून दिसते, म्हणून."

भैरवीने तो प्रसंगच कापला. तेव्हापासून 'उनाड'वरची घाण कोण काढतं, यावर मालिका मौन पाळते. वास्तवाशी एवढी इमानदार मालिका आम्ही दुसरी पाहिलेली नाही.

एकदा कोणीच कोणाच्या खालचा दिसता कामा नये असं ठरल्यावर पुढचं आपोआप घडत गेलं. सगळ्यांना बढती देऊन यानावर सात कप्तान करण्यात आले. यान चालवायला कोणी उरलं नाही, म्हणून ते एका जागी उभं राहिलं. गुरं राखणं कोणत्याच आडनावाला मानवेना, तेव्हा गुरं गेली. खलनायकाला आडनाव देणं अशक्यच होतं, सबब त्याच्या जागी धुळीचं वादळ आणलं. त्यावर कन्हानच्या एका नागरिक मंचाने आमच्या धुळीची बदनामी थांबवा असं निवेदन दिलं, तेव्हा वादळही शमलं. एकाच पातेल्यातलं जेवण राहिलं होतं. ते आता प्रत्येकाने आपापल्या डब्यातून, आपापल्या खिडकीकडे तोंड करून घ्यायचं ठरलं. भैय्याजींच्या मते त्यामुळे अंतराळ अधिक चांगलं दिसणार होतं.

तरीही सातांतला एक कप्तान जरा मोठा दाखवावाच लागणार होता, कारण भित्तिपत्रकावर मधे कोणीतरी उभं राहतंच. ती राही. राहीचं आडनाव ठरवण्याआधी ते काम करणाऱ्या मुलीचं आडनाव बघून घ्यावं, नाहीतर मागाहून गैरसोय होते, असा मुद्दा पार्वतीबाईंनी मांडला. रोशनीला समितीपुढे बोलावलं. ती थेट ढिगाऱ्यांवरून आली, कप्तानाच्या धुळकट कोटात.

"बस बेटा," भैय्याजी मायेने म्हणाले. "कुठली वं तू?"

"कुहीची."

"कुहीत कुठं?"

"बसस्टँडजवळ."

"बसस्टँडच्या इकडं का तिकडं?"

"बस जिकडून येईल तिकडं."

भैय्याजींनी कौतुकाने मान डोलावली. अशी पोरं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. "वडील काय करतात?"

"रेल्वेत होते. आता घरी राहतात. पेपर वाचतात."

"कोणता पेपर?"

"शेजाऱ्याचा."

"अन् घरी फोटो कोणाचे लावले आहेत?"

"माझा एक आहे. पाचवीतला. नाक वाहून राहिलं होतं."

समितीत कोणीतरी हसलं. भैय्याजी हसले नाहीत. तीन प्रश्नांत माणूस ओळखणारा हा गृहस्थ आता घामाघूम झाला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बेटा, सरळ सांग ना पूर्ण नाव. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

"लाजून नाही राहिली मी, भैय्याजी," रोशनी म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "दरवेळी सांगतलं मी. सांगतलं का मले बादली घेऊन कोपऱ्यात उभं करतात. यावेळी घोडीवरून पडली मी, उठून पुन्हा बसली. तेवढ्यावरून पाहा ना, कप्तान आहे का नाही. बाकीचं काहून पाह्यजे तुमाले?"

भैय्याजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. सभेच्या वृत्तांतात लिहिलं गेलं की अभिनेत्रीचा स्वभाव असहकार्याचा असून भूमिकेस शोभत नाही. कप्तान राहीचं काम करिष्मा नावाच्या मुलीकडे गेलं. तिचं आडनाव सर्वमान्य होतं. तिला घोड्यावर बसता येत नव्हतं, पण यान, गुरं आणि वादळ सगळंच थांबलेलं असल्यामुळे घोड्याची गरजही उरली नव्हती. रोशनीला सातव्या भागातली एक भूमिका देऊ करण्यात आली. बाजारातली गर्दी.

संध्याकाळी भैरवीने तिला गाडीतून बसस्टँडवर सोडायला घेतलं. भैरवी रडत होती. तिने समितीला शिव्या दिल्या, मंचाला दिल्या, या शहराला दिल्या. मधुसूदनभाऊंनी शेडमधल्या सगळ्यांच्या पोटापाण्याचा हवाला दिला नसता तर आपण राजीनामाच फेकला असता, असंही म्हणाली. ते खरं होतं. रहाटे कॉलनीच्या चौकात सिग्नल लागला, तेव्हा तिने डोळे पुसले आणि रोशनीचा हात हातात घेतला.

"त्या लोकांना नाही सांगितलंस, बरं केलंस," ती हळूच म्हणाली. "पण मला सांग. मी काही त्यांच्यातली नाही. मला आपलं माहीत असावं, एवढंच."

रोशनीने तिच्याकडे पाहिलं. मग हात सोडवून घेतला, दार उघडलं आणि थांबलेल्या गाड्यांमधून चालत पलीकडे गेली. गर्दीची भूमिका तिने घेतली नाही.

मालिका लवकरच येते आहे. सात कप्तान सात खिडक्यांतून बाहेर बघत आपापला डबा खातात. पार्वतीबाईंना ती आता अगदी आपली वाटते.

आणि वाचकहो, तुमच्याबद्दल. तुम्ही असलं काही मानत नाही हे आम्ही गृहीत धरूनच ही गोष्ट लिहिली. भैय्याजींचा तुम्हाला रागही आला असेल. पण ते कुही, ती रेल्वे, भिंतीवरचे फोटो वाचत असताना तुम्ही मनातल्या मनात रोशनीला एक आडनाव देऊन मोकळे झालात. ते बरोबर आहे की चूक, एवढंच तुम्हाला आता आमच्याकडून कळायला हवं आहे.