याकोबदादांची मिठाची परीक्षा

आमच्या बदनापूरच्या चर्चमध्ये पंच, म्हणजे मंडळीचा कारभारी व्हायचं असेल, तर आधी खारट वरण खावं लागतं. हा नियम याकोबदादांचा.

दादा रेल्वेतून रिटायर झालेले. पंचांचे उमेदवार पारखायचं काम मंडळीने त्यांच्यावर सोपवलं आणि ते परत घ्यायची हिंमत नंतर कुणाला झाली नाही. "आधी घर बघा, मंग माणूस. बायबलात बराबर लिहिलंय," हे त्यांचं पालुपद. त्यामुळे ते ऐन जेवणाच्या वेळी, न सांगता उमेदवाराकडे टपकतात, थेट स्वयंपाकघरात शिरतात आणि बाईला सांगतात, "ह्यांच्या वाटीत मीठ दुप्पट टाका, ताई. बाकी मी बघतो." मग नवरा बायकोवर डाफरतो का, हे बघत समोर बसतात. स्वतः भाजी-भाकरी खातात.

एक गुरुजी पहिल्या घासाला नुसते थांबले, तर वहीत नोंद झाली : 'बोलले न्हाई, पण डोळे वटारले. नापास.' एक डॉक्टर मुकाट जेवले. तेही नापास. "ज्याला चव कळत न्हाई, त्याला माणूस काय कळणार?"

असं करत पंचांच्या तिन्ही जागा दोन वर्षं रिकाम्या. चर्चचं छत गळायला लागलं, तर दुरुस्तीच्या कागदावर सही करायला पंच नाही. मी मंडळीची चिटणीस, म्हणून खाली बादल्या मी लावायच्या. शेवटी वैतागून सभेत मी दादांचंच नाव सुचवलं.

"मंग माझंबी घर बघा," दादा म्हणाले.

"बघणारच," मी म्हटलं.

बुधवारी दुपारी मी न सांगता त्यांच्या घरी गेले. वहिनी वारल्यापासून दादा एकटेच राहतात. टेबलावर मात्र दोन ताटं.

"मी येणार हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी न्हाई. ते विल्सनचं. रोज मांडतो."

विल्सन त्यांचा मुलगा, आता शहागडला टायरचं दुकान चालवतो. तोही एकदा उमेदवार होता. खारट वरणावरून बायकोवर ओरडला आणि दादांनी त्याला भर सभेत नापास केलं. त्यानंतर तो या घरात जेवलेला नाही.

दादांनी वही पुढे सरकवली. स्वतःच्या नावापुढे 'नापास' आधीच लिहून ठेवलं होतं.

"पोरगा सांभाळता आला न्हाई. मंडळी काय सांभाळू?"

मी विल्सनच्या ताटावर बसले. वरणाचा पहिलाच घास तोंडात फिरायला लागला.

"मीठ जास्त पडलं का, ताई? मला अंदाज येत न्हाई."

"बराबर आहे," मी म्हटलं आणि त्यांच्याच पेनाने ते 'नापास' खोडलं. छत गळत होतं, दुसरं काय करणार.