पलकच्या शाळेची गुपचूप चौकशी

पारख करावी तर आम्हीच! पारोळ्यात आमचं भांड्यांचं दुकान. पातेलं नुसत्या टिचकीवर ओळखतो, मग शाळा काय चीज आहे? माझी पलक सातवी झाली, तेव्हा तिच्यासाठी हायस्कूल निवडायच्या कामाला मी घरात कोणाला हातसुद्धा लावू दिला नाही.

पलक म्हणजे ढगात राहणारी पोर. गणित मांडता मांडता खिडकीबाहेर बघते आणि बघतच राहते. जुन्या शाळेत त्यावरून रोज बोलणी खायची आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडायची. मला तिच्यासाठी न ओरडणारी शाळा हवी होती, बस्स. धुळ्याला तशी एक आहे, असं कानावर आलं. गल्ल्यावर बसल्या बसल्या मला ती दिसायलाच लागली. मोठाल्या खिडक्या, बाहेर कडुनिंब, पलक बाहेर बघतेय आणि बाई हळूच विचारतायत, काय दिसलं गं? अशा वेळी गिऱ्हाईक कढई मागायचं आणि मी तवा काढून द्यायचो.

आता शाळेत जाऊन शाळा कळते का? तिथे सगळं पुसूनच ठेवलेलं असतं! आमच्या मारवाडी घरांत सोयरीक जुळवताना आधी समोरच्याच्या गल्लीत गुपचूप चौकशी करतात. मीही तेच केलं. त्या शाळेचे मुख्याध्यापक योगराजजी आमच्याच समाजातले. त्यांच्या घरासमोर झिपरूआबांची पिठाची गिरणी आहे. तिथे बसून सगळं विचारलं. घरात आरडाओरडा होतो का, माणसं मायाळू आहेत का, पोरीबाळींना कसं वागवतात.

"देवमाणूस शे, भाऊ. घरमा कधी मोठा आवाज नही," आबा म्हणाले. मग हे सगळं कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मी नुसता हसलो. चौकशी करणाऱ्याने कारण सांगायचं नसतं, ही रीतच आहे! फक्त आमच्या दुकानाचं नाव सांगून आलो.

आठवड्याभरात योगराजजींचा फोन आला. रविवारी घर बघायला येतो म्हणाले. मी तर हवेतच! याला म्हणतात शाळा, पोरीला घेण्याआधी तिचं घर बघते!

रविवारी गाडीतून योगराजजी उतरले. मागून त्यांची बायको, दोन काका, फळांची करंडी आणि मुलगी आयुषी. मी नव्या ड्रेसातल्या पलकला पुढे केलं. योगराजजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "तुमचा अखिल कुठे आहे?"

अखिल माझा धाकटा भाऊ. वय चौतीस, नकार ऐकून ऐकून थकलेला. तो बनियनवर गच्चीत कबुतरांना दाणे टाकत होता. माझ्या डोक्यात उजेड पडेपर्यंत आमच्या आईने, हीराबाईने, त्याला इस्त्रीचा शर्ट घालून खाली आणलंसुद्धा.

खरं सांगायला मी तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं! पण अखिल आयुषीकडे बघत होता, पलक ढगांकडे बघते ना, अगदी तसा. आणि त्याच्या केसांत अडकलेलं कबुतराचं पीस बघून ती हसत होती. आईचे तर डोळे भरून आले होते. उघडलेल्या तोंडात मी पेढा घातला.

तासाभरात रुपया-नारळ होऊन सोयरीक पक्की झाली. आयुषी त्याच शाळेत शिकवते, हे तेव्हा कळलं. ती पलकला घेऊन खिडकीत बसली आणि दोघी कितीतरी वेळ ढगांत उंट शोधत होत्या. गल्ल्यावर पाहिलेलं स्वप्न माझ्याच बैठकीत येऊन बसलं होतं. त्या भरात मी व्याह्यांकडे पलकच्या प्रवेशाचा विषय काढला.

"छे हो," योगराजजी मायेने म्हणाले. "नात्यातली मुलं मी शाळेत घेत नाही. आयुषीला नोकरी दिली तेव्हाच लोक वशिला म्हणाले."

पलकने ते ऐकलं. ती रडली नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "पप्पा, तुम्ही सरळ त्यांनाच का नाही विचारलं?"

जळगावला एक चांगली शाळा आहे म्हणतात. उद्या जातोय. आत जाऊन पलकनेच बोलायचं, असं घरात ठरलंय. मी गाडीत बसून राहायचं, काच वर करून.